बाबांना ७.८ सांगितलेत, खरे ४.९ आहेत

या आठवड्यातलं पत्र मी पूर्ण देत नाहीये, मुलीनेच तशी विनंती केलीये, पण थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं कळेल. लातूर जिल्ह्यातली मुलगी, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावी सायन्स लातूरला. बाबा एसटीत कंडक्टर, आई घरी शिलाई करते, धाकटा भाऊ नववीत. सीईटीला पर्सेंटाइल अपेक्षेपेक्षा कमी आले, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मराठवाड्यातच मेकॅनिकल मिळत होतं पण कॉम्प्युटर मिळत नव्हतं, म्हणून बाबांनी पीएफमधून पैसे काढले, वर साडेसात लाखांचं एज्युकेशन लोन केलं आणि पुण्याजवळच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बी.टेक. कॉम्प्युटरला घातलं. फी वर्षाला सव्वातीन लाख, हॉस्टेल-मेस वेगळं. पहिल्या सेमला मॅथ्स आणि सी प्रोग्रॅमिंग असे दोन विषय राहिले, एसजीपीए, म्हणजे त्या सेमची दहापैकी सरासरी, ४.९ आला, आणि घरी तिने ७.८ सांगितला.

पुढचं तिच्याच शब्दांत: "ताई, क्लासमध्ये सरांनी प्रश्न विचारला, मला उत्तर येत होतं, मी सांगायला लागले आणि मधेच इंग्लिश सुचेना म्हणून मराठीत बोलले. मागचे सगळे हसले, सरपण हसले. त्या दिवसापासून मी त्या लेक्चरला गेलेच नाही. दुसऱ्या सेमला अटेंडन्स ६१ टक्के झाली, एका विषयाला डिटेन केलंय, परीक्षेलाच बसू दिलं नाही. ईआरपीवर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर, पालकांच्या नंबरच्या जागी मी माझाच दुसरा नंबर टाकलाय त्यामुळे बाबांना मेसेज जात नाहीत. आता दुसऱ्या वर्षाच्या फीचा मेल आलाय, ३० जून शेवटची तारीख. मी हे सोडून गावाकडे बी.एस्सी. करू का, परत कॅपला बसू का, की इथंच राहू? बाबांना कसं सांगू? रात्री झोप लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही. लॅबमध्ये एकटीने लिहिलेला प्रोग्रॅम रन झाला की मात्र लई भारी वाटतं, तेवढंच."

अगं बाळा, पत्र तीनदा वाचलं. मी अशाच एका युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला मॅथ्स शिकवायचे, अकरा वर्षं, त्यामुळे तू लिहिलेलं सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं, तो एसी क्लासरूम, मागच्या बेंचवरची गर्दी, आणि नोव्हेंबरनंतर हळूहळू दिसेनाशी होणारी तुझ्यासारखी एखादी मुलगी. मी त्यातल्या सगळ्यांना हाका मारल्या नाहीत, काहींना मारल्या. त्यामुळे तुला नीट आणि सविस्तर उत्तर द्यायचंय, लांबलं तरी वाच.

तू प्रश्न विचारलेस त्याचा क्रम मी बदलणारे. राहू की सोडू हे तू आधी विचारलंस आणि बाबांना कसं सांगू हे शेवटी. माझ्या मते आधी बाबांना सांगायचं, राहायचं की सोडायचं हे त्यानंतर त्यांच्यासोबत बसून ठरवायचं. कारण आत्ता तू जो काही निर्णय घेशील तो खोट्या आकड्यावर उभा असेल. सोडलंस तर बाबा विचारणार, ७.८ असताना का सोडतेस? राहिलीस तर पुढच्या प्रत्येक सेमला नवीन आकडा बनवायला लागणार. आणि हे करताकरता तुझा जो जीव जातोय ना तो मॅथ्समुळे जात नाहीये. दोन बॅकलॉग ही फार मोठी गोष्ट नाही, खरंच नाही, माझ्या वर्गात पहिल्या सेमला मॅथ्स राहिलेली मुलं दरवर्षी असायची आणि त्यातली कितीतरी आज चांगल्या नोकऱ्या करतायत. झोप उडालीये ती ७.८ मुळे.

दुसरं एक कारण आहे जे बहुतेक तुझ्या लक्षात आलेलं नाही. लोन आहे ना? बँक साडेसात लाख एकदम देत नाही, वर्षावर्षाने किंवा सेमप्रमाणे थेट युनिव्हर्सिटीच्या खात्यात टाकते, आणि पुढचा हप्ता सोडायच्या आधी मागच्या वर्षाचं मार्कशीट मागते. म्हणजे जूनमध्ये बाबा बँकेत जाणार, मॅनेजर म्हणणार मुलीचं मार्कशीट आणा, आणि तिथं काउंटरवर त्यांना ते कळणार. तुझ्या तोंडून घरात कळणं आणि बँकेत चार लोकांसमोर कळणं यात किती फरक आहे सांग बरं. तुझ्याकडे लपवायला चार वर्षं नाहीयेत, जेमतेम तीन-चार आठवडे आहेत.

मला आठवतंय, आमच्याकडे एक वडील चौथ्या वर्षाच्या फीचा डीडी घेऊन आले होते. एक्झाम सेक्शनच्या खिडकीतल्या मुलीने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, काका तुमचा मुलगा अजून दुसऱ्या वर्षाला आहे. ते ओरडले नाहीत की काही नाही, बाकड्यावर बसले आणि डीडी घडी करून परत पाकिटात ठेवला, परत उघडला, परत ठेवला. मी तिथूनच चालले होते, त्यांना पाणी आणून दिलं. नंतर तो मुलगा माझ्यासमोर रडताना म्हणाला, मॅडम पहिल्या सेमलाच सांगणार होतो पण तेव्हा भाऊबीज होती, मग दुसऱ्या सेमला आजी आजारी होती, मग सांगायची वेळच गेली. तुझी वेळ अजून गेलेली नाही, एकाच सेमचा निकाल लागलाय, आकडाही एकच आहे.

आणि तुझे बाबा कंडक्टर आहेत हे वाचून मला उलट धीर आला. माझे सख्खे मामा एसटीत होते. ड्युटी संपली की मशीनमधला हिशोब निघतो, वेबिल आणि रोकड डेपोत जुळवून जमा करावी लागते, आणि पन्नास रुपये कमी पडले तर ते तिथल्या तिथे सांगून स्वतःच्या खिशातून भरायचे असतात, उद्या बघू असं चालत नाही. असा माणूस आयुष्यभर कमी पडलेला हिशोब ऐकत आणि देत आलेला असतो. त्यांना वाईट वाटणार, रागही येणार, एखादा दिवस बोलणारही नाहीत कदाचित, ते सगळं होऊ दे. पण कमी पडलं तर काय करायचं हे तुझ्यापेक्षा त्यांना जास्त माहितीये.

आता झोपेचं. सकाळी उठावंसं वाटत नाही हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी जाणार नाही. कॅम्पसवर काउन्सेलर असेल तर हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमना विचारून या आठवड्यातच भेट, त्यात कमीपणा काही नाही आणि मार्कशीटवर काही लिहून येत नाही. तिथं जावंसं वाटत नसेल तर १४४१६ या नंबरवर फोन कर, टेली-मानस म्हणून केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट आहे, रात्री दोन वाजता लावला तरी चालतो आणि मराठीत बोलता येतं. आणि कधी जीवाचं काही बरंवाईट करायचा विचार मनात आला तर रूममेटला उठव, रेक्टरना उठव, त्याच क्षणी बाबांना फोन कर, आकडा खरा की खोटा हे सगळं बाजूला ठेवून.

बरं, आता तुझे तीन रस्ते बघू.

परत कॅप. यावर्षी हे जवळपास बंद आहे गं. सीईटीचा स्कोअर त्याच वर्षापुरता असतो, गेल्या वर्षीचा यंदा चालत नाही, आणि यंदाची परीक्षा तू दिलेली नाहीस. म्हणजे एक वर्ष घरी बसून परत सीईटी द्यायची आणि परत पहिल्या वर्षापासून सुरुवात. काही मुलं करतात, पण तुझी अडचण सीईटीच्या फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सची नाहीये, त्यामुळे त्या एका वर्षाने तुझं काय सुटेल मला दिसत नाही.

गावाकडे बी.एस्सी. हे शक्य आहे, बारावीच्या मार्कांवर लातूरला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कॉलेजात ॲडमिशन होऊ शकते, फी तुझ्या आत्ताच्या फीच्या मानाने अगदी कमी. बीसीए म्हणत असशील तर लक्षात ठेव, २०२४ पासून एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यतेच्या बीसीए-बीबीएला पण सीईटी लागायला लागलीये. आणि इथले पास झालेले विषय तिकडे धरतील का? ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुझे पास झालेले क्रेडिट जमा होतात, डिजिलॉकरमधून त्याचा आयडी दिसतो, पण जमा झाले म्हणून दुसऱ्या विद्यापीठाने घेतलेच पाहिजेत असं नाही, ते त्यांचा अभ्यासक्रम जुळतो का बघतात. बी.टेक. पहिलं वर्ष आणि बी.एस्सी. पहिलं वर्ष फारसं जुळत नाही, तेव्हा पहिल्यापासून करायची तयारी ठेवूनच जा. शिवाय कोर्स सोडला की बँकेला कळवावं लागतं आणि मग लोनचे हप्ते कोर्स संपायची वाट न बघता आधीच सुरू होऊ शकतात, हे बाबांच्या पगाराशी ताडून बघायला लागेल.

सोडायचं ठरलंच तर एक हक्क माहिती असू दे. तुझे बारावीचे ओरिजिनल कागद, टीसी, कुठलीही युनिव्हर्सिटी अडकवून ठेवू शकत नाही, आणि उरलेल्या तीन वर्षांची फी भरा मग कागद देतो असं म्हणू शकत नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ऑक्टोबर २०१८ च्या नोटिफिकेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, ओरिजिनल ठेवायचे नाहीत आणि फी ज्या सेमला किंवा वर्षाला शिकतोय तेवढीच घ्यायची. कोणी खिडकीवरून तोंडी काही सांगितलं तर म्हणायचं, सर हे लेखी द्या. निम्म्या गोष्टी तिथंच मिटतात.

आणि तिसरा रस्ता, राहणं. माझं मत विचारशील तर राहा. सव्वातीन लाख भरून झालेत म्हणून मी हे सांगत नाहीये, ते पैसे राहिलीस तरी गेले आणि सोडलंस तरी गेले, ते हिशोबात धरूच नको. मी राहा म्हणतेय ते तुझ्या शेवटच्या ओळीमुळे. एवढ्या सगळ्या अंधारात, मॅथ्स राहिलंय, सी राहिलंय, रूमवर कोणी बोलत नाही, आणि तरी एकटीने प्रोग्रॅम लिहून तो चालला की तुला भारी वाटतं. तेवढंच असं तू लिहिलंस पण तेवढंच नसतं ते. चारशे मुलांना शिकवलं की त्यातल्या पंधरा-वीस जणांच्या चेहऱ्यावर ते दिसतं, बाकीचे पॅकेज बघून आलेले असतात. तू लेक्चरमधून पळालीस, लॅबमधून पळाली नाहीस, बघ जरा.

पण राहा म्हणजे डोळे मिटून चार वर्षं राहा असं नाही. जुलैमध्ये बहुतेक ठिकाणी सप्लिमेंटरी परीक्षा असते, तुमच्याकडे कधी आहे आणि फॉर्मची शेवटची तारीख काय हे आजच्या आज बघ. त्यात मॅथ्स आणि सी दोन्ही द्यायचे. डिटेन झालेल्या विषयाचं वेगळं असतं, काही ठिकाणी समर टर्ममध्ये परत क्लास करून देता येतो, काही ठिकाणी पुढच्या वर्षी तो विषय परत रजिस्टर करावा लागतो. निकाल आला की बाबांसोबत परत बसायचं. दोन्ही निघाले तर पुढे चालायचं. मनापासून अभ्यास करूनही एकही निघाला नाही तर डिसेंबरपर्यंत थांबू नको, तेव्हा सोडायचा विचार खरंच कर, त्यात लाज नाही.

हे सगळं ज्यात लिहिलंय तो कागद तू वाचलेला नसणार, कोणीच वाचत नाही, ॲकॅडमिक रेग्युलेशन्स नावाची पीडीएफ, वेबसाइटवर नाहीतर ईआरपीवर असते. दुसऱ्या वर्षाला जायला किती क्रेडिट लागतात, अटेंडन्समध्ये मेडिकलची सूट किती, सप्लीची फी किती, पेपर बघायला मिळतो का, सगळं त्यात असतं. तुमच्या युनिव्हर्सिटीचे नियम तुमच्याच युनिव्हर्सिटीचे, शेजारच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला विचारून उपयोग नाही, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात असेल तर तिची एटीकेटी, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात जायचे नियम, वेगळे आणि तुझे वेगळे. एक संध्याकाळ काढ आणि पूर्ण वाच, पेन्सिल घेऊन.

आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची एक गोष्ट जी तुझ्या बाजूची आहे आणि तू वापरलीच नाहीस. संलग्न कॉलेजात पेपर विद्यापीठ काढतं, तपासणारा कोण ते कळतही नाही. तुमच्याकडे शिकवणारे, पेपर काढणारे आणि तपासणारे बहुतेक वेळा तेच सर, आणि ते तुझ्या क्लासपासून दोन जिने वर केबिनमध्ये बसलेले असतात. मी स्वतः दर बुधवारी चार ते पाच दार उघडं ठेवून बसायचे, येणारी मुलं कोण तर ज्यांना आधीच नव्वद पडतात ती. ज्यांना गरज असायची ती जिन्यापर्यंत येऊन परत जायची, मला काचेतून दिसायची. तू आत जा. नापास झालेला पेपर दाखवा म्हण, कुठे मार्क गेले ते विचार. मॅथ्समध्ये बऱ्याचदा असं निघतं की मुलीला इंटिग्रेशन येत असतं, प्रश्नातलं इंग्लिश कळलेलं नसतं, किंवा स्टेप्स न लिहिल्यामुळे मार्क गेलेले असतात. पेपर बघितल्याशिवाय आपण स्वतःला ढ ठरवून मोकळे होतो.

अभ्यास मराठीत करायचा असेल तर बिनधास्त कर. एआयसीटीईचं ई-कुंभ नावाचं पोर्टल आहे, त्यावर पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगची बरीच पुस्तकं मराठीत आहेत, फुकट डाउनलोड होतात. आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल आहे, त्यात सी प्रोग्रॅमिंगचे छोटे छोटे व्हिडिओ मराठी आवाजात आहेत, बघत बघत सोबत टाइप करायचं अशीच त्याची रचना आहे, तुझ्यासारख्या लॅब आवडणाऱ्या मुलीला ते जमेल. २०२१ पासून तर काही कॉलेजांत इंजिनिअरिंगच मराठीतून शिकवायला परवानगी मिळालीये, पिंपरी चिंचवडला कॉम्प्युटर मराठीतून सुरू झालं. मराठीत समजून घ्यायचं आणि इंग्लिशमध्ये लिहायची प्रॅक्टिस वेगळी करायची, ही दोन कामं एकाच वेळी करायला गेलं की दोन्ही बिघडतात, माझ्या मुलांना मी हेच करायला लावायचे. डेफिनिशन आणि प्रश्नांची भाषा एका वहीत इंग्लिशमध्ये, शंभर-सव्वाशे वाक्यं असतात फार तर, परत परत तीच येतात.

आता त्या हसण्याबद्दल. सर हसले ते चुकीचंच झालं. मी शिक्षक म्हणून सांगते, वर्ग हसला तर शिक्षकाने गप्प करायचं असतं, सोबत हसायचं नसतं, आणि उत्तर बरोबर होतं तर मराठीत का असेना ते बरोबर आहे म्हणायचं असतं. तुला लागलं ते बरोबरच लागलं. पण त्या सरांना बहुतेक ते दुसऱ्या मिनिटाला आठवतही नसणार आणि तू त्यासाठी एक अख्खा विषय दिलास बघ. मला वाटतं तू त्यांना भेटावंस, भांडायला नाही, सरळ म्हणायचं की सर त्या दिवशी मला उत्तर येत होतं, सगळे हसले, तुम्हीपण हसलात, त्यानंतर मला लेक्चरला यायची हिंमत झाली नाही. हिंदीत म्हण, मराठीत म्हण. बरेच शिक्षक हे ऐकून खजील होतात आणि नंतर त्या मुलीकडे वेगळं लक्ष देतात. न भेटता येईल इतकं वाटत असेल तर तुझ्या मेंटरला मेल कर, बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस मुलांमागे एक मेंटर नेमलेला असतो, तुला नावही माहिती नसेल कदाचित.

आणि तरी कोणी ऐकलं नाही, किंवा अटेंडन्स चुकीची लावलीये, फीत गडबड आहे, असं काही असेल तर त्याची रीतसर जागा आहे. यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम आणलेत, त्याप्रमाणे प्रत्येक युनिव्हर्सिटीत तक्रार समिती असावी लागते, तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तिथं समाधान झालं नाही तर युनिव्हर्सिटीने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं आणि त्यांनी ३० दिवसांत निकाली काढायचं असतं. तुझ्या बाबतीत तिथपर्यंत जावं लागेल असं मला वाटत नाही, दाद कुठे मागायची एवढं माहिती असावं म्हणून सांगितलं.

रूममेट्स. दिल्लीची एक आणि इंदूरची एक, दोघी आपसात फाडफाड बोलतात आणि तू मेसमधून ताट रूमवर घेऊन येतेस असं लिहिलंयस. अगं त्यांना पुणं नवीन आहे, तुला नाही. त्यांना रिक्षावाल्याशी बोलता येत नाही, मेसच्या मावशींना भाजीत तिखट कमी टाका हे सांगता येत नाही, स्वारगेटला कुठली बस कुठे लागते कळत नाही. हे मी उगाच समजूत घालायला सांगत नाहीये, माझ्या हॉस्टेलच्या मुलींमध्ये मैत्र्या अशाच झालेल्या बघितल्यात, एकीला डेंग्यू झाला तेव्हा हॉस्पिटलमध्ये मराठीतून सगळं बोलणारी मुलगी ही वर्गात तोंड न उघडणारी होती. कॉफी शॉपमध्ये दीडशे रुपयांची कॉफी प्यायला त्यांच्यासोबत जायची गरज नाही, मला परवडत नाही असं एकदा सरळ सांगून टाक. पण मेसमध्ये खाली बसून जेव. रूमवर ताट आणणं बंद कर, उद्यापासून.

पैशांचं. ३० जूनच्या आधी बाबांना घेऊन, किंवा निदान बाबांना सांगून, अकाउंट्स ऑफिसला लेखी अर्ज दे की फी सेमप्रमाणे दोन भागांत भरायची आहे. बऱ्याच ठिकाणी देतात, विचारणाऱ्याला देतात. म्हणजे सप्लीचा निकाल यायच्या आधी अख्ख्या वर्षाचे पैसे अडकणार नाहीत. युनिव्हर्सिटीची स्वतःची फी सवलत असते, उत्पन्नावर असते काही ठिकाणी, तेही विचार, फक्त त्यांना बहुतेक बॅकलॉग नसलेले लागतात. आणि लोनच्या व्याजावर बाबांना इन्कम टॅक्समध्ये सूट मिळू शकते, जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असतील तर, हे डेपोतल्या अकाउंटवाल्यांना विचारायला सांग.

इथं जरा इतर आईवडिलांसाठी लिहिते, कारण जून तोंडावर आलाय आणि या मुलीच्या घरात हे कोणी सांगितलं नव्हतं. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये जीआर काढला, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना कॅपमधून प्रोफेशनल कोर्सला ॲडमिशन घेतली तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण स्वयंअर्थसहाय्यित प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. शाहू महाराज शिष्यवृत्तीचंही तसंच आहे, प्रायव्हेट युनिव्हर्सिटीला लागू नाही. ॲडमिशनच्या हॉलमध्ये लावलेल्या बोर्डवर सगळ्यात मोठं पॅकेज लिहिलेलं असतं, हे लिहिलेलं नसतं. मुलीला प्रायव्हेटमध्ये घालू नका असं माझं म्हणणं नाही, तिथं चांगल्या लॅब असतात, नवीन विषय लवकर येतात, देशभरातली मुलं भेटतात, मी तिथं आनंदाने शिकवलंय. पण कॅपची सीट सोडताना कागदावर चार वर्षांचा फरक मांडा आणि मग सोडा.

तू मात्र यावर आता रात्री जागू नको. बाबांनी तुला कॉम्प्युटर हवं होतं म्हणून ते केलं, आणि तुला कॉम्प्युटर आवडतंय, एवढं तरी बरोबर झालंय.

प्लेसमेंटची भीती तू लिहिली नाहीस पण असणारच. बऱ्याच कंपन्या बघतात ते सहा-साडेसहाच्या वर सीजीपीए आणि त्या वेळी चालू बॅकलॉग नाही ना एवढं. पहिल्या सेमला राहिलेला विषय दुसऱ्या वर्षात निघाला तर चौथ्या वर्षाला बहुतेक ठिकाणी तो आडवा येत नाही. ४.९ वरून साडेसहाच्या वर जायला चौथं वर्ष सुरू व्हायच्या आधी तुला अजून चार सेम आहेत.

आता फोन. फोनवर सांगू नकोस, घरी जा. बाबांची साप्ताहिक सुट्टी कधी आहे ते आईकडून काढून घे, मुक्कामी गाडीवरून आलेत त्या दिवशी नको, झोप झालेली असू दे. रात्रीची लातूर गाडी पकड, अर्ध्या तिकिटात होतंय. मार्कशीटची प्रिंट, फीच्या मेलची प्रिंट, सप्लीच्या फॉर्मची तारीख लिहिलेला कागद, तिन्ही सोबत घे. आईला आधी एकटीला सांगून तिच्याकरवी बाबांना सांगायला लावू नको, ती बिचारी दोन्हीकडून पिचेल, दोघांना एकत्र बसव. भावाला बाहेर पाठव. आणि पहिल्या वाक्यात सांग, प्रस्तावना करू नको: बाबा, माझे ७.८ नाहीत, ४.९ आहेत, दोन विषय राहिलेत, एकाला डिटेन केलंय, मी खोटं बोलले. मग गप्प बस. ते काय म्हणतील ते पूर्ण ऐक, मधे रेग्युलेशन सांगू नको. ते विचारतील तेव्हा कागद काढ. आणि तिथंच, त्यांच्यासमोर, ईआरपीमध्ये त्यांचा खरा नंबर टाक, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येऊ दे.

आल्यावर मला लिही. सप्लीचा फॉर्म भरला की तेही लिही, आणि मॅथ्सचं कुठलं युनिट अडतंय ते नक्की कळव, डिफरेन्शियल इक्वेशन असेल तर माझ्याकडे जुन्या नोट्स आहेत, मराठीत समजावून लिहिलेल्या, पाठवते.